पाव ओबोलची शोधाशोध

शनिवारी, धनत्रयोदशीच्या दुपारी सव्वाबारा वाजता करीमनानांनी पाचवी गुलाबी पुडी उघडली. तिच्यात नाणं नव्हतं.

सहावीत नव्हतं. सातवीतही नव्हतं. तिन्ही पुड्यांत चांदीचे बारीक तुकडे होते. नानांनी ते बोटानं चाचपले आणि म्हणाले, "हे माझं नाही."

खोलीत तिघं मुलं होती. नानांच्या नातीचं नाव राहत, ती आठवीत होती. प्रणय आणि मोनाली ही शेजारची बहीणभावंडं. तो सातवीत, ती पाचवीत. सकाळी सराफ्यातून नाण्यांचा डबा प्रणयनं आणला होता. तो एकदम उठून उभा राहिला.

"नाना, मी डबा उघडलापण नाही! शप्पथ!"

"बैठ बेटा. मी काही म्हटलं का तुला?"

करीमनाना निवृत्त इतिहासशिक्षक. चाळीस वर्षं ते प्राचीन ग्रीक नाणी जमवत होते, तीही फक्त चिल्लर. अथेन्सच्या बाजारात सहा ओबोलचा एक द्राख्मा होई. नानांच्या सात नाण्यांत ओबोल होते, अर्धे ओबोल होते आणि एकच पाव ओबोल होता. मसुरीच्या डाळीएवढा. एका बाजूला अथेना देवी, दुसऱ्या बाजूला चंद्रकोर. तो मिळायला नऊ वर्षं लागली होती आणि हरवलेल्या तिन्हींत तोही होता.

नानांचा डावा डोळा गेला होता, उजवा अधू होत चालला होता. दिवाळीनंतर ते सातही नाणी संग्रहालयाला देणार होते. नजर आहे तोवर एकदा काचेच्या कपाटात पूर्ण संच मांडलेला त्यांना बघायचा होता. संग्रहालयानं प्रत्येक नाण्याचं वजन मागितलं होतं. इतकं हलकं नाणं तोलणारा काटा सराफाकडंच असतो, म्हणून मुलांनी डबा बन्सीकाकांच्या दुकानात नेला होता.

नानांनी बन्सीकाकांना फोन लावला. आवाज खोलीभर ऐकू आला.

"सात पुड्या आल्या, सात परत दिल्या! पोरांनी रस्त्यात खेळ केला असेल, मास्तर. डबा त्या प्रणयकडं होता ना? त्यालाच विचारा. आज लई गर्दी आहे!"

फोन बंद झाला. प्रणयचे कान लाल झाले.

"ग्रीक लोक म्हणे ही नाणी तोंडात ठेवून बाजारात जायचे," मोनाली म्हणाली. "दादा, तू गिळली तर नाहीस ना?"

"मोनाली, एक देईन हां!"

"तोंड उघड. आ कर!"

"गप्प बसा दोघं," राहत म्हणाली. तिनं नानांचं भिंग घेतलं होतं. "हे तुकडे बघा. कडा चकचकीत आहेत. आत्ताच कापल्यासारख्या. आणि हे काय?"

प्रणयनं भिंगाला डोळा लावला. "घुंगरू! अर्धं घुंगरू आहे!"

"आणि ज्या चार पुड्यांत नाणी आहेत, त्यांवर पेन्सिलीनं वजन लिहिलंय. या तिन्हींवर काहीच नाही. म्हणजे काकांनी चारच तोलली. मग गिऱ्हाईक आलं असणार. नाना, पुड्यांचा हा गुलाबी कागद कुठला?"

"बन्सीचाच. तोच देतो मला."

"झालं तर! त्यांची कात्रणंपण याच कागदात असतात. पुड्या बदलल्या. त्यांची चांदी आपल्याकडं आली..."

"म्हणजे आपली नाणी त्यांच्या कात्रणांत!" प्रणय ओरडला. चप्पल घालायलाही तो थांबला नाही. मोनालीला त्याची चप्पल हातात घेऊन पळावं लागलं.

सराफ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. बन्सीकाकांच्या गादीसमोर बायकांची दाटी होती. काकांनी मुलांना पाहिलं आणि हात हलवला.

"आत्ता नाही! पाडवा झाल्यावर या!"

"ऐकणारच नाहीत," प्रणय पुटपुटला. "मलाच चोर म्हणतील."

मोनालीनं राहतच्या हातातली पुडी घेतली. दोन बायकांच्या मधून घुसून ती थेट गादीपाशी गेली आणि टाचा उंचावून मोठ्यानं म्हणाली, "काका! तुमची चांदी चुकून आमच्याकडं आलीय! परत द्यायला आलोय!"

बायका वळून बघू लागल्या. "गुणाची पोर गं," एकजण म्हणाली.

"चांदी? आण, आण इकडं!" काकांनी पुडी उघडली. "हां, आमचीच की. त्या पैंजणांच्या घुंगरांची कात्रणं. शाब्बास, पोरी!"

"नक्की तुमचीच ना, काका?"

"मग? माझा माल मला ओळखू येत नाही का?"

"ही आम्हांला नानांच्या डब्यात सापडली," राहत पुढं होऊन म्हणाली. "मग नानांची नाणी कुठं आहेत?"

काकांचा हात पुडीवर तसाच राहिला. त्यांनी काट्याशेजारच्या ताटलीकडं पाहिलं. ताटली रिकामी होती.

"अरे देवा," ते म्हणाले. "कात्रणं साडेदहालाच गलाईला गेली."

गलाई म्हणजे चांदी वितळवून लगड करण्याची जागा. ती मागच्याच गल्लीत होती. काकांनी धनत्रयोदशीच्या गर्दीत गादी सोडली आणि ते मुलांच्या मागं धावत निघाले. गलाईवाला कडुबा भट्टीसमोर बसला होता. त्यानं चिमट्यानं चांदीचा एक लांबट तुकडा दाखवला.

"ही काय तुमची लगड, शेट. हात नका लावू, गरम हाय अजून."

सव्वादोन हजार वर्षांहून जुनी नाणी त्या तुकड्यात होती आणि तो तुकडा अगदी गुळगुळीत होता.

"तीन बारीक गोल नाणी होती, कडुबामामा," प्रणय म्हणाला. "दिसली नाहीत?"

"चिमटीभर कात्रणात काय दिसतंय, बाळा? पुडी उघडायची, भट्टीतल्या मुशीत झटकायची. दिवसाला शंभर पुड्या." कडुबानं डोकं खाजवलं. "किती बारीक होती?"

"सगळ्यात लहान मसुरीच्या डाळीएवढं."

"मोठी दोन तर गेलीच. पण इतकं हलकं असंल तर कागदाच्या घडीत अडकू शकतं. कागद आम्ही फेकत नाय. केरासंगं पोत्यात भरतो. पैठणच्या आवडाबाई नेतात. कागद जाळून, राख धुऊन त्यातली चांदी काढतात."

"पोतं कुठंय?"

"त्या आत्ताच घेऊन गेल्या. दीडची गाडी पकडणार म्हणाल्या."

काकांनीच रिक्षा थांबवली. चौघं कसेबसे कोंबून बसले. वाटेत काका एकदाच बोलले. "प्रणय, मी फोनवर बोललो ते..."

"आधी गाडी, काका!"

बसस्थानकावर पैठणची गाडी सुरू होऊन थरथरत होती. तिसऱ्या खिडकीत मांडीवर पोतं घेतलेली एक म्हातारी दिसली.

"आवडाबाई! पोतं उघडा! आमचं नाणं आहे त्यात!" प्रणय ओरडला.

"ऑं? कोण रे तुम्ही?" सगळं ऐकून घेतल्यावर तिनं पोत्याचं तोंड आणखी आवळलं. "हितं उघडू व्हय? नुसती धूळ हाय आत. वारं घिऊन जाईल सगळं. मग तुमचंबी गेलं अन् माझंबी."

"मग जाळू नका! आधी एकेक कागद उघडून बघा. चंद्रकोर असलेलं नाणं आहे!"

"लई कागद हायती, पोरा. अख्ख्या सराफ्याचे." कंडक्टरनं घंटी मारली. ती खिडकीतून ओरडली, "बघते! एकेक बघते! नंबर घ्या माझा!"

घरी आल्यावर बन्सीकाकांनी नानांसमोर हात जोडले. मग प्रणयकडं वळून म्हणाले, "बाळा, चूक माझी होती आणि नाव तुझं घेतलं."

येताना गलाईतून घेतलेली लगड काकांनी टेबलावर ठेवली. नानांनी ती उचलून डोळ्यांजवळ नेली, उलटून पाहिली, खाली ठेवली.

"तपास चोख केलात तिघांनी," ते म्हणाले. "माझ्या वर्गात असता तर पहिला नंबर दिला असता."

"पण नाणी गेली, नाना," प्रणय म्हणाला.

"हो. ती गेली."

संग्रहालयाला त्यांनी चार नाणी देत असल्याचं कळवलं. पूर्ण संच नसल्यानं वेगळं कपाट मिळणार नाही, असं उत्तर आलं. दिवाळीचे चारही दिवस प्रणय फोनजवळून हलला नाही. मोनालीनं त्याला ओबोल गिळल्याबद्दल पुन्हा चिडवलं नाही.

भाऊबीजेच्या संध्याकाळी आवडाबाईंचा फोन आला. त्यांनी आणि त्यांच्या सुनेनं अर्धं पोतं कागद एकेक करून उघडून पाहिले होते. चांदीचे कण बरेच निघाले होते. नाणं निघालं नव्हतं. उरलेलं अर्धं पोतंही जाळण्याआधी असंच बघते, असं त्या म्हणाल्या.