सावकाश आमेन

डोळे मिटून प्रार्थना करणाऱ्या माणसाची एक पंचाईत असते. समोर कोण येऊन उभं राहिलंय, ते त्याला दिसत नाही.

गुंडीचं तसंच झालं. हॉस्पिटलात आईच्या खाटेशी स्टूल ओढून, आईचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ती प्रार्थना करत होती. खरं तर घरात प्रार्थना म्हणायची ती आई. चार वाक्यांत देवाशी बोलणं उरकायची, आमेन म्हणायची आणि त्याच दमात "चला, जेवण गार होतंय" असंही म्हणायची. पण अर्धांगवायूच्या झटक्याने आईची उजवी बाजू लुळी पडली, बोलणंही गेलं, आणि हे काम लेकीच्या गळ्यात आलं. लेकीला ते काही केल्या जमत नव्हतं. डॉक्टर, सिस्टर, पलीकडच्या खाटेवरच्या आजी, त्या आजींचा कधीच न येणारा मुलगा... कुणी राहून गेलं तर? या धास्तीने ती सगळ्यांना घेत घेत पुढे जायची, आणि मग थांबायचं कुठे तेच कळायचं नाही.

"...आणि प्रभू, जे कोणी ही फरशी पुसतात, त्यांनाही..."

"आमेन!" कुणीतरी खणखणीत आवाजात म्हणालं.

गुंडीने दचकून डोळे उघडले. समोर पांढऱ्या कोटातला एक उंच तरुण मान खाली घालून, हात जोडून उभा होता. कोटाचं मधलं बटण गायब.

"अहो, माझं संपलं नव्हतं!"

"माफ करा. तुम्ही थांबलात, म्हणून मला वाटलं –"

"श्वास घ्यायला थांबले होते मी!"

"अच्छा..." तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "मग घ्या ना. सावकाश होऊ द्या. मी फिजिओथेरपिस्ट. टीचरचा हात मागायला आलोय. म्हणजे – व्यायामासाठी."

आई शाळेत गाणं शिकवायची, म्हणून सगळा वॉर्ड तिला टीचरच म्हणायचा. टीचरच्या ओठांची एक कड हळूच वर गेली. आजारी पडल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती. गुंडीने फणकाऱ्याने बोलायला उघडलेलं तोंड तसंच मिटलं.

मग रोज संध्याकाळी हाच क्रम सुरू झाला. गुंडी कोट शिवणाऱ्या कारखान्यात कामाला होती. काजं आणि बटणं हे तिचं काम. सुटली की तशीच धावत यायची, अंगावर दोरे घेऊन. तो तिच्या बाहीवरचा एखादा दोरा अलगद उचलायचा आणि उजेडात धरायचा.

"आज राखाडी. कुणीतरी फार कंटाळवाणा माणूस घालणार हा कोट."

"आणि काल निळा होता, तेव्हा?"

"तेव्हा तुम्ही खुशीत होता. दोऱ्याचं काय घेऊन बसलात!"

बोटांच्या व्यायामासाठी दिलेल्या हॉस्पिटलमधल्या रंगीत खुंट्या आईने डाव्या हाताने सरळ ढकलून दिल्या होत्या. म्हणून गुंडीने घरचा बटणांचा डबा आणला. आईने वर्षानुवर्षं जमवलेली बटणं होती ती. आधी ओव्हरकोटाची मोठमोठी बटणं आली. आईची बोटं त्यांच्यावर नुसती पडून राहायची, मग थरथरायला लागली, आणि एके दिवशी त्यातलं एक बटण खरंच उचललं गेलं. त्या दिवशी पलीकडच्या आजींनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. शब्दही परत येऊ लागले – एकेक, अडखळत.

व्यायामाआधी गुंडी प्रार्थना म्हणायची आणि तो हात जोडून थांबायचा. एकदा न राहवून तिने एक डोळा किलकिला केला. तो तिच्याकडेच बघत होता.

"तुमचे डोळे उघडे होते," जिन्यापाशी तिने त्याला धरलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

गुंडीचे कान लाल झाले. तो हसला, मग जरा हळू आवाजात म्हणाला, "लहानपणी आजी चर्चला न्यायची. डोळे उघडले की चिमटा काढायची. ती गेली, आणि माझं जाणंही राहून गेलं. आता तुमच्यामुळे रोज हजेरी लागते."

"आणि चिमटा?"

"त्याचीच वाट बघतोय..."

त्या संध्याकाळी गुंडी घरी कशी पोहोचली, तिचं तिलाच आठवेना.

आणि मग एक दिवस डॉक्टर म्हणाले, "छान प्रगती आहे. असंच चाललं तर लवकरच घरी."

खरं तर तिने उडीच मारायला हवी होती. पण ती नुसती मान हलवून आईची चादर सारखी करत राहिली. घरी म्हणजे ही संध्याकाळ नाही, बाहीवरचा दोरा नाही... तो नाही. प्रार्थनेत 'आईला लवकर बरं कर' या वाक्याशी जीभ अडली, आणि मनातल्या मनात ती बोलून गेली – लवकर, पण अगदी एवढ्यात नको.

दुसऱ्याच दिवशी आईला ताप भरला. छातीत कफ, तोंडावर मास्क, व्यायाम बंद. बटण उचलणारा हात पुन्हा चादरीवर निपचित पडला. गुंडी पार हादरली. हे आपल्याच पापाचं फळ, असं तिच्या मनाने घेतलं. तिने देवाशी सौदा केला – मला काही नको, फक्त आईला बरं कर. आणि ती सकाळी कामाआधी येऊ लागली, तो नसताना.

ताप उतरला. व्यायाम सुरू झाला. गुंडी सकाळचीच येत राहिली. शेवटी एका सकाळी तोच दारात उभा.

"टीचर संध्याकाळभर दाराकडे बघत असतात," तो म्हणाला. "मीही. माझं काही चुकलं का?"

"तुमचं नाही," एवढंच म्हणून तिने तोंड फिरवलं. तो गेला.

आईने डाव्या हाताने खाटेवर थाप मारली. "बस."

गुंडी बसली, आणि मग बांध फुटल्यासारखं तिने सगळं सांगून टाकलं. प्रार्थनेत काय मागितलं, ताप का आला, सौदा काय केला, सगळं. आई लेकीकडे बघत राहिली. मग एकेक शब्द जुळवत म्हणाली, "देव... काय... रिकामटेकडा आहे?"

गुंडीला रडता रडता हसू फुटलं.

"ताप... कफाने आला. तुझ्यामुळे... नाही. तो पोरगा... कुणी पाठवला? त्याचे... आभार मान. मग... पोराला... सांग."

सांगणं काय सोपं असतं? गुंडी पुन्हा संध्याकाळची येऊ लागली खरी, पण ते वाक्य काही ओठांवर येईना. होता होता घरी जायचा दिवस उजाडला. पिशव्या भरल्या. तो निरोप घ्यायला आला, तसाच, मधल्या बटणाशिवाय.

आईने बटणांचा डबा मागितला. उजवा हात आत घातला. बराच वेळ चाचपलं, आणि अंगठा-बोटाच्या चिमटीत एक छोटं पांढरं बटण धरलं. ते निसटलं. कुणीही मदत केली नाही. तिने पुन्हा धरलं, उचललं, लेकीच्या तळहातावर ठेवलं आणि हनुवटीने त्याच्या कोटाकडे खूण केली.

"टीचर..." म्हणत तो कोट सरळ करून उभा राहिला.

सुईदोरा गुंडीच्या पर्समध्ये असायचाच.

"कोट काढू?"

"नको. हलू नका, टोचेल." तिची नजर बटणावर होती, म्हणून बोलणं जमलं. "मी यायचं टाळलं, कारण... मी देवाला सांगितलं होतं, आईला सावकाश बरं कर. म्हणजे तुम्ही रोज दिसाल. इतकी स्वार्थी आहे मी."

सुई दोनदा आरपार गेली.

"आणि मी इकडे जीव तोडून व्यायाम घेत होतो," तो शेवटी म्हणाला, "त्या लवकर बऱ्या व्हाव्यात म्हणून."

"ते तर तुमचं कामच."

"काम तर होतंच. पण पेशंटच्या मुलीला कसं विचारणार, की मला तू आवडतेस? आधी टीचर माझ्या पेशंट राहायला नकोत ना! आज दुपारपासून त्या माझ्या पेशंट नाहीत... गुंडी."

तिने पहिल्यांदाच त्याच्या तोंडून आपलं नाव ऐकलं. कात्री पिशवीत तळाशी गेली होती. तिने वाकून दोरा दातांनी तोडला, आणि त्याच्या छातीतली धडधड तिला अगदी स्पष्ट ऐकू आली.

"मलाही," ती बटणाला म्हणाली.

आईने दोन्ही हात पुढे केले. डाव्या हातात लेकीचा हात घेतला, उजव्यात त्याचा. "आज... मी."

तिघांनी डोळे मिटले.

"प्रभू... बरं केलंस. सावकाश... केलंस. दोन्हीसाठी... आभार."

गुंडीच्या गालांवरून पाणी ओघळू लागलं. ज्या मागण्याची तिला इतकी लाज वाटली होती, त्याचेच आई आभार मानत होती. पुढे शांतता. गुंडीने एक डोळा किलकिला केला. अर्थात, त्याचेही उघडेच होते.

"आमेन म्हणू?" तो ओठांतल्या ओठांत पुटपुटला.

आईचे डोळे मिटलेलेच होते. तिच्या उजव्या हाताची बोटं त्याच्या हाताभोवती हळूहळू आवळली.

"घाई... नको."