सहा नंबरमधली शेवटची वाफ

खोटं वाटलं तर वाटू द्या. मला कुणाला पटवायचं नाही.

हे माझ्यासमोर घडलंय. याच दोन डोळ्यांनी पाहिलंय.

आणि रात्र वगैरे अजिबात नव्हती. शनिवार होता, चौदा जानेवारी २०२३, दुपारचे तीन. लेक सुपीरियरच्या काठावर, मिशिगनच्या पार वरच्या टोकाला, कार्वोनेन कुटुंबाचं बावीस खोल्यांचं जुनं हॉटेल आहे. तिथल्या सहा नंबरच्या खोलीचं न्हाणीघर.

मी डार्ला. छोट्या हॉटेलांच्या न्हाणीघरांचं सामान निवडून देणं हा माझा धंदा. नळ, फरशा, आरसे. एकोणीस वर्षं हेच करतेय, त्यामुळे आरशाला घाबरणारी बाई मी नव्हे. म्हणजे नव्हते.

हॉटेल एल्सीमावशीचं. माझ्या आईची मैत्रीण, तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची. कारभार तिचा पुतण्या रॉय बघतो. रॉय माणूस सरळ, पण घाईचा. पाहुणे इंटरनेटवर तक्रारी लिहायला लागले होते... अंघोळ झाली की आरसा धुरकटतो, दाढी करता येत नाही, तोंड दिसत नाही. रॉयने मला फोन करून सांगितलं, तापणारे आरसे हवेत, वाफ न धरणारे, सगळ्या खोल्यांना, आणि उन्हाळ्याच्या आत.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. बावीस आरसे मागवण्याआधी एक खोली नमुना म्हणून घ्यायची. तिथे नवा आरसा जुन्याच्या शेजारी लावायचा, दार बंद करून दहा मिनिटं कढत पाणी सोडायचं, आणि बघायचं. आरशामागे एक पातळ पत्रा चिकटवलेला असतो, दिवा लावला की तो तापतो. स्वस्तातल्या आरशात पत्रा छोटा, आणि नेमका वर. उंच माणसाचं तोंड स्वच्छ, पोरांच्या वाट्याला धुकं. मी पूर्ण काचेएवढा पत्रा असलेला आरसा निवडला. थोडा महाग, पण वरपासून खालपर्यंत कुठेही वाफ धरणार नाही.

हे नीट लक्षात ठेवा. कुठेही नाही.

रॉयने नमुन्यासाठी सहा नंबर दिला. म्हणाला, ती कायम रिकामीच असते, मावशी कुणाला देत नाही. मावशी मार्केट शहरातल्या दवाखान्यात होती, मोतीबिंदू काढायला. तिला विचारावं असं ना त्याला सुचलं, ना मला.

सकाळी मी जुन्या आरशासमोर गरम पाणी सोडलं.

वाफ भरली. काच पांढरी झाली.

आणि खाली... माझ्या छातीच्याही खाली... अक्षरं उमटली.

"आई, लगेच येते."

लहान मुलाचं हस्ताक्षर. एक अक्षर मोठं, एक लहान.

मला हसूच आलं. यात भुताचं काही नसतं हो. ओल्या काचेवर बोट फिरवलं की बोटाचं तेल राहतं, आणि नीट पुसेपर्यंत दर वाफेला तेच अक्षर पुन्हा दिसतं. कधीकाळी उतरलेल्या कुणा पाहुण्याच्या पोराचा उद्योग, असं मी समजले. तुलना करायची तर दोन्ही काचा सारख्या स्वच्छ हव्यात. मी फडक्यावर स्पिरिट घेतलं आणि पुसून टाकलं.

दोनदा. चांगलं घासून.

दुपारी मावशी आली. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचं. घरात पाऊल टाकल्या टाकल्या तिने विचारलं, आज शनिवार ना?

आमच्याकडे शनिवार म्हणजे सौना. तापलेल्या दगडांवर पाणी मारायचं, वाफेत बसायचं. माझी आजी सांगायची, शेवटची वाफ आपली नसते. सगळ्यांचं झालं की दगडांवर एकदा पाणी मारायचं आणि मागे न बघता बाहेर पडायचं. त्यानंतर तिथे जे कोणी असतं, ते अंघोळ करतं. ते कोण, हे विचारायचं नाही. आम्ही पोरं विचारायचो आणि धपाटा खायचो.

मावशी ती शेवटची वाफ सहा नंबरमध्ये ठेवायची. दर शनिवारी.

हे मला तेव्हा कळलं, जिन्यात. रॉय पिशव्या घेऊन पुढे गेला होता. मावशी माझा हात धरून एकेक पायरी चढत होती आणि सांगत होती. हॉटेल होण्याआधी सहा नंबरचं न्हाणीघर त्यांच्या घरचं न्हाणीघर होतं. मुलगी मार्ता, नऊ वर्षांची. १९८१च्या डिसेंबरात सकाळी आरशावर तीन शब्द लिहून बाहेर पळाली. बंदरातल्या पाण्यावर नुकतं कुठे बर्फ धरलं होतं. ते फुटलं. पोरगी सापडलीच नाही.

"आरशावर लिहून गेली होती," मावशी म्हणाली. "एक्केचाळीस वर्षं मी त्या काचेला फडकं लावलेलं नाही, डार्ला. मी वाफ ठेवते, बाहेर येते, मग जाऊन वाचते. लगेच येते म्हणाली होती ना. म्हणून वाचते."



सांगायला हवं होतं. तिथेच, जिन्यात. मी पुढची पायरी चढले.

तिने कढत पाणी सोडलं. त्या दिवशी मात्र ती बाहेर आली नाही. म्हणाली, डोळ्याला नीट दिसत नाही, जवळच बसते. मी तिला एकटीला सोडू शकले नाही. दार लागलं, आणि आम्ही दोघी त्या शेवटच्या वाफेत बसलो.

जी आपली नसते, तीत.

जुनी काच पांढरी झाली.

मावशी नाक टेकवून बघत राहिली. एक मिनिट. दोन मिनिटं.

काहीच नाही.

"कुणी पुसलं?" ती हळूच म्हणाली.

पाण्याचा आवाज तेवढा होता.

मग तोही थांबला.

नळ आम्ही बंद केला नव्हता.

त्या शांततेत मला ऐकू आलं... कुणीतरी श्वास घेत होतं. सावकाश. दमल्यासारखं. मावशीचा नव्हे, ती माझ्या डाव्या हाताला होती. हा आवाज उजवीकडून येत होता.

उजवीकडे माझा नवा आरसा होता. दिवा लागलेला, काच तापलेली, वरपासून खालपर्यंत लख्ख.

आणि त्या काचेवर, माझ्या डोक्याच्याही वर, तळहाताएवढं धुकं उमटलं.

विरलं.

पुन्हा उमटलं.

आपण काचेवर हाऽऽ करतो ना, तसंच. पण समोर कुणी नव्हतं. मी काचेला हात लावला. चांगली गरम. आणि कोरडी. ओल आतल्या बाजूला होती.

धुकं पसरलं, आणि त्यात रेघा ओढल्या गेल्या. अक्षरं उलटी होती. पलीकडून कुणी लिहिली तर उमटतील, तशी.

मावशीला तो ढग दिसला. अक्षरं लागेनात. तिने माझं मनगट घट्ट धरलं.

"काय लिहिलंय गं? वाच ना."

मी वाचलं.

"आले."

मावशी रडली नाही. तिने तोंड वर करून त्या ढगाकडे पाहिलं, माझ्या डोक्याच्या वर, आणि तिचा चेहरा असा काही उजळला की मी तो जन्मात विसरणार नाही.

"किती उंच झाली गं माझी पोर," ती म्हणाली.

बरोबरच होतं म्हणा. नऊ आणि एक्केचाळीस, पन्नास वर्षांची बाई. मीही स्वतःला तेच सांगत होते. देवा, आली असेल तर येऊ दे, म्हातारीचं समाधान होऊ दे. मी पुसलेलं निदान त्यापायी तरी माफ होईल.

मग माझी नजर खाली गेली.

काचेवर खाली... माझ्या छातीच्याही खाली... दुसरं धुकं होतं.

इवलंसं. भराभर उमटत होतं, भराभर विरत होतं. घाबरलेलं मूल श्वास घेतं तसं.

त्यातही अक्षरं आली. उलटीच. एक मोठं, एक लहान. ते हस्ताक्षर मी त्याच सकाळी पाहिलं होतं.

"ती मी नाही."

मी बाहीने पुसलं. पुसलं जाईना. आतून कसं पुसणार?

"आणखी काही लिहिलंय का?" मावशीने विचारलं.

मी वळले आणि पाठ लावून त्या अक्षरांसमोर उभी राहिले. काच गरम होती. तरी शर्टातून पाठीला एक गार ठिपका लागत होता. जात होता, पुन्हा लागत होता.

"नाही मावशी," मी म्हणाले. "एवढंच."

पाठीवरचा गार ठिपका थांबला. पुन्हा आला नाही.

वर मात्र श्वास चालूच होता. सावकाश.

रॉयने पुढे बावीसही आरसे लावले. पाहुणे खूश आहेत, तक्रार एकही नाही. तो मला दुवा देतो. सहा नंबरमधला आरसा मी काढायला सांगितला, तीनदा सांगितला. मावशीने काढू दिला नाही. आता ती शनिवारी शेवटची वाफ ठेवून बाहेर येत नाही. आतच बसते, दार लावून, तासन्‌तास. रॉय म्हणतो, बोलण्याचा आवाज येतो. जेवण वाढलंय तिचं, गाणी गुणगुणते, दहा वर्षांनी तरुण दिसते. तूच तिला बरं केलंस, म्हणतो.

मी दर रविवारी, बंदरापलीकडच्या माझ्या घरून, फोन करते. दर रविवारी सांगायचं ठरवते. मग ती इतकी हसत बोलते की माझं तोंडच उघडत नाही. पहिल्यांदा पुसलं ते नकळत होतं. दुसऱ्यांदा मी जाणूनबुजून झाकलं, आणि ते आता मला झोपू देत नाही. आमच्या घरातला न्हाणीघराचा आरसा मी उतरवून माळ्यावर ठेवलाय. नवरा विचारतो, मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते.

आता डिसेंबर लागलाय.

मार्ता गेल्यापासून मावशीने बंदराच्या बाजूच्या खिडक्यांचे पडदे कधी उघडले नव्हते. पाण्याचा विषयसुद्धा काढू द्यायची नाही. काल रविवार होता. फोनवर हवापाण्याचं बोललो, तिने केलेल्या वेलदोड्याच्या पावाचं बोललो. मी फोन ठेवणार, तेवढ्यात तिने सहज विचारलं.

"डार्ला, बंदरात बर्फ धरलं का गं? मी आज पडदे उघडलेत, पण मला लांबचं नीट दिसत नाही. ती सारखी विचारतेय."