कुंपणाजवळच्या दोन ओळी

“माझ्या सख्ख्या भावाने माझ्या वेलांवर विष मारलंय,” ती खुर्चीत नीट टेकायच्या आधीच म्हणाली. “पोलिसांत जाण्याआधी मला खात्री हवी आहे.”

ती दवाखान्यात परिचारिका होती. भावाच्या शेताला लागून असलेल्या तुकड्यात तिने यंदा पहिल्यांदाच बिनबियांची कलिंगडं लावली होती. वेल रसरशीत, फुलं भरपूर. पण जवळजवळ सगळीकडे बोटाच्या पेराएवढं फळ झालं की पिवळं पडून गळायचं. कुंपणावरून भावाशी कडाक्याचं भांडण झालं होतं आणि ‘तुला काय पिकतं ते बघतोच’ असं तो चारचौघांत बोलून बसला होता.

खासगी तपास करणाऱ्या ताईंनी एवढंच विचारलं, की मधमाश्या येतात का. येतात, म्हणाली. ताईंचे यजमान, चित्रकलेचे निवृत्त मास्तर, यांना हा प्रश्न अगदीच बाळबोध वाटला. त्यांच्या लेखी निकाल लागलेला होता. भावाला जरा दम भरला, की तो पोपटासारखा बोलेल.

तिघं शेतावर गेली, तेव्हा भाऊ कुंपणापाशीच भेटला. त्याच्या शेतात साधी, बियांची कलिंगडं लोळत होती. बोललो ते रागाच्या भरात, हे त्याने कबूल केलं. “पण विष? तिला खांद्यावर घेऊन हिंडवलंय मी.” मास्तरांना ते नाटक वाटलं.

बहीण शेतातल्या घरातून पाणी आणायला गेली, तेवढ्यात तिचे सासरे भेटले. सूनबाई कामावर, म्हणून राखण त्यांच्याकडे. तण सोडाच, वेगळ्या पानांचं भेसळीचं रोपसुद्धा आपण टिकू देत नाही, असं त्यांनी अभिमानाने सांगितलं.

ताई वेलांमधून फिरल्या. “अहो, या ओळी चितारायच्या झाल्या तर कशा चिताराल?”

मास्तरांनी डोळे बारीक केले. ठरावीक अंतरावर एकेक जागा मोकळी होती. आणि फळं होती ती फक्त भावाच्या कुंपणाजवळच्या दोन ओळींत.

ताईंनी सगळ्यांना झाडाखाली बसवलं.

“विष पलीकडून आलं असतं, तर कुंपणाजवळचे वेल आधी गेले असते. इथे नेमके तेच फळलेत. म्हणजे पलीकडून विष नाही, फळ धरायला लागणारं काहीतरी येतंय.”

मग त्यांनी उलगडून सांगितलं. साध्या कलिंगडाच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, एक आईकडचा, एक बापाकडचा. बिनबियांचं करायला आधी चार संचांचा वेल तयार करतात आणि त्याचा साध्याशी संकर करतात. संततीत संच येतात तीन. तिनांची सारखी वाटणी होत नाही, म्हणून बी धरत नाही आणि परागही वांझ निघतात. मात्र फळ फुगायला चांगले पराग लागतातच. म्हणून रोपवाटिकेवाले मध्ये मध्ये साधी रोपं लावून जातात.

“ती पानांनी वेगळी दिसतात,” ताई हळूच म्हणाल्या. “ती कुणीतरी मायेने उपटली. मधमाश्यांना मग दादांच्या शेतातूनच पराग आणावे लागले, आणि ते दोन ओळींपुरतेच पोचले.”

सासऱ्यांचा चेहरा उतरला. “मला भेसळ वाटली, पोरी.”

“लावणीच्या दिवशी मी कामावर होते, मामा. मलाच माहीत नव्हतं, तर तुम्हाला कोण सांगणार?” ती त्यांच्याजवळ सरकली. मग तिने भावाकडे पाहिलं.

भाऊ उठला, कुंपण ओलांडून गेला आणि टोपीभर नर फुलं घेऊन आला. “फुलोरा अजून चालू आहे. हे फूल त्या मादी फुलाला असं अलगद टेकवायचं. ये, दाखवतो.”

दोघं शेजारी शेजारी वाकली. मास्तरांच्या छातीवरचं ओझं उतरलं. दम भरायची वेळ आली नव्हती.

काही दिवसांनी ती सांगायला आली. फळं धरली होती, फुगतही होती.

“बरं झालं पोलिसांत गेले नाही,” ती हसत म्हणाली. “दादा रोज सकाळी माझ्याआधी माझ्या शेतात असतो. रंगेहाथ सापडला असता.”