टाकीकडचा गोल

"उंची वाढली माझी!" असं म्हणत लंबूने पुन्हा उडी मारली आणि गोलच्या आडव्या दांडीला फटकन टाळी दिली.

"कालपासून आजपर्यंत?" शंकासुरने विचारलं.

शंकासुर म्हणजे तेरा वर्षांची एक मुलगी. तिचं खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीत होतं. दूध तापलं म्हटलं तरी बोट बुडवून बघणारी, आणि पोळलं की मग विश्वास ठेवणारी, म्हणून घरात सगळे तिला शंकासुर म्हणत. तिचा नऊ वर्षांचा भाऊ म्हणजे रेडिओ. झोप सोडली तर तो कधी बंद पडत नसे, आणि आजवर ऐकलेली पाहिलेली प्रत्येक मॅच त्याला तोंडपाठ होती. लंबू हा क्लबच्या कोचचा मुलगा. काल मागच्या सरावाच्या मैदानावर त्याने पंधरा उड्या मारल्या होत्या आणि पंधराही वेळा दांडी चार बोटं लांब राहिली होती. आज हंगाम संपल्यामुळे मुलांना पहिल्यांदाच मोठ्या मैदानात पाय ठेवायला मिळाला, आणि पहिल्याच उडीत दांडी हाताला लागली.

"तिकडच्या गोलवर उडी मार," शंकासुर म्हणाली.

तिघं मैदान ओलांडून गेटाजवळच्या गोलकडे गेले. लंबूने बाह्या सरसावल्या, उडी मारली, आणि हात हवेतच राहिला. चार बोटं कमी. बूट घसरला म्हणून त्याने बूट काढले, मग मोजे काढले, आणि तरीही चार बोटं कमीच पडली.

"लंबूची उंची मैदान ओलांडताना घटली आहे," रेडिओने जाहीर केलं. "प्रेक्षकांमध्ये हळहळ."

शंकासुर मात्र हसली नाही. तिचे डोळे बारीक झाले होते.

तिला हसू न येण्याचं कारण घरी होतं. शंकासुर आणि रेडिओ सुट्टीला मामाकडे आले होते. मामा या क्लबचा फॉरवर्ड. स्टँडच्या मागे क्लबने दिलेल्या दोन खोल्यांत तो आणि मामी सात वर्षं राहत होते. यंदा मुलं आली तेव्हा मामी चहाचे कप वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरत होती. काय चाललंय विचारलं, तर म्हणाली, धूळ बसते म्हणून. मामीला खोटं बोलता येत नाही, हे शंकासुरने तिथेच ओळखलं.

खरी गोष्ट लंबूने सांगितली. येत्या रविवारी चार वाजता क्लबच्या कमिटीची बैठक होती. आणखी एक नामांकित फॉरवर्ड आणायचा की नाही, हे त्या दिवशी ठरणार होतं. तो आला, की मामाला जागा नाही. आणि मामाला जागा नाही, म्हणजे खोल्याही नाहीत.

मामाचा हंगाम वाईट गेला होता हे खरं. त्याचे फटके दांडीला लागत, डोक्याने मारलेले चेंडूही दांडीला लागत. सगळं शहर म्हणत होतं, याचे पाय गेले. पण मागच्या मैदानावर सराव करताना हाच मामा डोळे मिटून गोल मारायचा. सरावात होतं ते मॅचमध्ये का होत नाही, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. मामाकडेही नव्हतं, म्हणून तो अलीकडे जेवताना कुणाकडे बघत नसे.

"यात काहीतरी काळंबेरं आहे," शंकासुर म्हणाली. "रेडिओ, लंबूच्या खांद्यावर चढ."

हंगामाच्या सुरुवातीला दोन्ही दांड्यांना पांढराशुभ्र रंग दिला होता. चेंडू जिथे आपटला तिथे काळपट डाग राहिला होता. गेटाकडच्या दांडीवर रेडिओला दोन डाग दिसले. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पाण्याची उंच टाकी होती, तिच्याखालच्या गोलवर त्याने मोजले चौदा.

"आठ मामाचे," रेडिओ खांद्यावरूनच आठवून सांगू लागला, "आणि सहा बाहेरच्या टीमचे. ते लागले तेव्हा टीव्हीसमोर आपण टाळ्या वाजवल्या होत्या."

"म्हणजे त्यांचेही लागत होते," शंकासुर हळूच म्हणाली. "आपले तेवढे लक्षात ठेवले सगळ्यांनी."

त्या दुपारी तिने मामीच्या शिवणाच्या डब्यातून टेप आणला. टेप होता साठ इंची, म्हणून दोनदा लावावा लागला. जमिनीपासून दांडीपर्यंत आठ फूट हवेत, म्हणजे शहाण्णव इंच, असं लंबूने आधी चुकीचं आणि मग बरोबर सांगितलं. गेटाकडचा गोल शहाण्णव भरला. टाकीकडचा भरला एक्याण्णव.

पाच इंच! दांडी कुणीतरी खाली आणली होती. कुणी?

संशयित शोधायला फार लांब जावं लागलं नाही. गेले दोन दिवस मैदानावर एक गॉगलवाला फिरत होता. तो नव्या फॉरवर्डचा एजंट. ढगाळ हवेतही त्याचा गॉगल उतरत नसे, आणि जो माणूस डोळे दाखवत नाही त्याच्यावर शंकासुरचा भरवसा नव्हता. त्याच संध्याकाळी तिघांनी त्याला माळीकाकांच्या खांद्यावर हात टाकून बोलताना पाहिलं. जाहिरातीच्या फळ्यांमागून एवढंच ऐकू आलं, की रविवारी कमिटीसमोर आपला खेळाडू फटके मारून दाखवणार आहे, आणि ते गेटाजवळच्याच गोलवर व्हायला हवं. टाकीकडे नको.

"टाकीकडे का नको?" लंबू कुजबुजला.

"कारण त्याला माहीत आहे," शंकासुर म्हणाली. "आणि माळीकाका त्याला सामील आहेत."

हे म्हणताना तिला बरं वाटलं नाही. माळीकाका तिला आवडत. गवताची पाती ओठांत धरून शिट्टी कशी वाजवायची हे त्यांनीच शिकवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळे वामकुक्षीत असताना, माळीकाका टाकीमागून ढकलगाडी घेऊन आले. त्यांनी गोलसमोर माती ओतली, फावड्याने पसरली आणि वरून रोलर फिरवला. सगळं कसं चोरासारखं गुपचूप. रेडिओला शिंक आली नसती तर आणखीही काही दिसलं असतं.

पकडले गेलो आहोतच, तर विचारून टाकावं म्हणून शंकासुरने सरळ विचारलं, ही माती कशासाठी. माळीकाका मुळीच दचकले नाहीत. टाकी भरली की वाहते, पाणी सगळं या गोलसमोर साचतं आणि चिखल होतो, असं त्यांनी सांगितलं. म्हणून दर थोड्या दिवसांनी ते दोन गाड्या माती घालत. कुणी सांगितलं नव्हतं, ते आपणहून करत होते. नऊ वर्षं. यंदा तर टाकी रोजच वाहत होती, म्हणून माती दुप्पट.

"तुझ्या मामाचा पाय घसरायला नको ना," ते म्हणाले आणि रोलर ओढत निघून गेले.

शंकासुर तिथेच उभी राहिली. खांब तर सिमेंटमध्ये पक्के रोवलेले. दांडी खाली येणार कुठून? दांडी जागेवरच होती. जमीन वर आली होती.

ती धावतच घरी गेली आणि मामाला सगळं सांगून मोकळी झाली. मामाने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हे कुणाला सांगायचं नाही."

"का पण?"

"नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतील लोक मला. हंगामभर गोल चुकवले आणि आता दांडीला दोष देतोय म्हणतील. पाय गेले म्हटलेलं चालेल मला, पण ते नको."

"अंगण खरंच वाकडं असलं तरी?"

 मामाने उठून खोक्यांवरची दोरी आवळली.

मामाने सांगू नको म्हटलं म्हणून शंकासुर गप्प बसणारी नव्हती, पण शब्द मोडायचाही नव्हता. तिने मामाचं नाव न घेता क्लबच्या सेक्रेटरींना एवढंच विचारलं, की गोल कधी मोजतात. सेक्रेटरींनी अभिमानाने कपाटातून फाईल काढली. दर वर्षीचा फॉर्म होता, दर वर्षी एकच वाक्य होतं, 'गोल मोजले, बरोबर आहेत', आणि खाली त्यांची झोकदार सही. कशाने मोजले असं विचारताच त्यांनी फाईल मिटली. मुलांनी सुट्टीत अभ्यासाची पुस्तकं वाचावीत, असा सल्ला दिला.

"मोठ्या माणसांना सांगून उपयोग नाही," शंकासुर बाहेर येऊन म्हणाली. "त्यांना दाखवायला लागेल. रविवारचे फटके टाकीकडच्या गोलवर व्हायला हवेत."

"गॉगलवाला होऊ देणार नाही," लंबू म्हणाला.

"त्याला कोण विचारतंय? तू फक्त माळीकाकांकडे जा आणि गेटाकडचं गवत पिवळं दिसतंय म्हण. कमिटी बघायला येणार आहे म्हण."

माळीकाकांना एवढं पुरे होतं. रविवारी जेवण झाल्या झाल्या त्यांनी गेटाकडचे सगळे फवारे सोडले, आणि गवत हिरवं दिसेपर्यंत बंद केले नाहीत. चार वाजता कमिटीची माणसं आली तेव्हा त्या गोलसमोर बदकं पोहली असती. गॉगलवाला हातवारे करत राहिला. पण अध्यक्षबाईंनी आपल्या नव्या चपलांकडे पाहिलं आणि सगळ्यांना टाकीकडे वळवलं.

नवा फॉरवर्ड बावीसेक वर्षांचा होता, अबोल आणि जरा लाजरा. शंकासुरला तो दुष्ट वाटला असता तर सोपं गेलं असतं, पण तसा तो वाटत नव्हता. त्याच्यासमोर दहा चेंडू मांडले होते. पहिला फटका वाऱ्यासारखा सुटला आणि दांडीवर आपटला. दुसरा जाळ्यात गेला. तिसरा दांडीवर. पाचवा दांडीवर. सातवाही.

"बूट नवे आहेत त्याचे," गॉगलवाला घाईघाईने म्हणाला.

"याचंही तसंच होतंय की," अध्यक्षबाई पुटपुटल्या. "मग दुसरा आणून आपण मिळवलं काय?"

हीच वेळ होती. शंकासुरने लंबूला ढकललं. लंबू कमिटीसमोरून धावत गेला आणि उडी मारून दांडीला टाळी देऊन आला. मुलांना बाहेर काढा असं सेक्रेटरी म्हणत होते, पण कोच आपल्या मुलाकडे बघतच राहिले. काल रात्रीच त्याने घरच्या दाराच्या चौकटीवर उंचीची खूण केली होती आणि ती केसभरही वाढलेली नव्हती.

"ही तुझ्या हाताला कशी लागली?" त्यांनी विचारलं.

शंकासुरने मामीचा टेप पुढे केला. "तुम्हीच मोजा, कोच. आम्ही काही म्हणत नाही."

टेपचं एक टोक नव्या फॉरवर्डने आपणहून धरलं. कोचनी दोनदा मोजलं आणि मग विश्वास न बसून तिसऱ्यांदा मोजलं. एक्याण्णव. मग त्यांनी खांबाच्या बुडाशी बोटाने माती उकरली. पाच इंच खाली जुनी पांढरी रेघ निघाली.

सेक्रेटरींना फाईल आठवली असावी, कारण ते एकदम टाकीकडे बघू लागले. माळीकाका मात्र पुढे आले आणि त्या रेघेकडे बघत उभे राहिले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"म्हणजे माझ्याच हाताने झालं हे," ते म्हणाले.

चार दिवस गुन्हेगार शोधणाऱ्या शंकासुरला आता तो नकोसा झाला. ती त्यांच्याजवळ गेली. "सात वर्षांत मामा इथे एकदाही घसरला नाही, काका," ती म्हणाली. "मी तुमच्यावर संशय घेतला. चुकलं माझं."

तेवढ्यात रेडिओ मामाला हाताला धरून, वाटभर कॉमेंट्री करत घेऊन आला. नवा फॉरवर्ड मामाकडे बघत होता. त्याने कोचना विचारलं, यांचे या हंगामात या गोलवर किती गोल झाले. उत्तर रेडिओने दिलं. नऊ.

"या दांडीखालून नऊ?" तो म्हणाला. "मला चार मिनिटांत घाम फुटला. यांना काढून मला कशाला आणताय?"

गॉगलवाल्याने पहिल्यांदाच गॉगल काढला. गेटाकडे उजेड चांगला पडतो, व्हिडिओ चांगला येतो, म्हणून आपण तिथे हट्ट धरला होता, असं त्याने शपथेवर सांगितलं. सगळ्यांना ते पटलं. शंकासुरला अजून पटलेलं नाही.

अध्यक्षबाईंनी बैठक तिथेच गवतावर उरकली. दुसरा फॉरवर्ड नको, दोन फावडी आणा आणि टाकीची गळती बुजवा, असं ठरलं. पुढच्या हंगामापासून गोल सगळ्यांसमोर टेपने मोजायचे आणि पहिलं टोक शंकासुरने धरायचं, हेही ठरलं. जे आम्हा मोठ्यांना हंगामभर दिसलं नाही ते या तिघांनी चार दिवसांत पाहिलं, असं त्या म्हणाल्या. लंबूच्या पाठीवर कोचनी एवढ्या जोरात थाप मारली, की तो खोकलाच.

मामा गोलच्या रेघेवर बसला होता. शंकासुर त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"वर्षभर रोज रात्री पाय चोळत होतो गं," तो हळूच म्हणाला. "वाटायचं, गेले."

मग त्याने बाहीने डोळे पुसले, उठला आणि माळीकाकांच्या हातून दुसरं फावडं घेतलं. अंधार पडेपर्यंत दोघं शेजारी शेजारी खणत होते. कोण कुणाला काय म्हणालं ते कुणी ऐकलं नाही, पण मधेच माळीकाका मोठ्याने हसले ते स्टँडपर्यंत ऐकू आलं. खोलीत मामीने खोक्याची दोरी कापली आणि एकेक कप धुऊन फळीवर उपडा ठेवला.

तीन दिवसांनी माती काढून झाली. माळीकाका, मामा, कोच, सगळे गोलभोवती उभे राहिले आणि लंबूला पुढे बोलावलं. तो लांबून धावत आला, जीव खाऊन उडी मारली आणि हात हवेतच राहिला. चार बोटं कमी.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.