झुलालच्या शेजारची जागा

१९२० साल. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, महिनाभर उरला होता आणि भिकूबाई जुनी कापडं मागत गावभर हिंडत होती. यात नवल काही नव्हतं. वडझिरीत गोधडी शिवावी ती भिकूबाईनंच, हे शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. नवल होतं ते तिच्या मागण्यात. दारात उभी राहून ती म्हणे, "जो लढाईमा गया नि परत उना नही, त्याना अंगवरनं कापड दे. दुसरं काहीच नको."

याला कारण झाला एक दगड. बसऱ्याची लढाई संपली, वर्ष उलटलं, आणि धुळ्याहून आलेला गवंडी चावडीच्या भिंतीत एक कोरीव दगड बसवून गेला. पाटील आबांनी गाव गोळा करून तो मोठ्यानं वाचला. या गावातून इतके लढाईला गेले, त्यांतले सात कामी आले. एवढंच. आबांचा श्वाससुद्धा पुरता संपला नाही, तोवर दगड वाचून झाला.

"नावं कोठे शेतस, आबा?" मागून भिकूबाईनं विचारलं.

"सरकार नावं देत नही, अक्का. आकडा देस."

"मना झुलाल काय गहूनं पोतं शे, आकडामा मोजाले?"

आबा मूग गिळून बसले. भिकूबाईला मूग गिळणं ठाऊक नव्हतं. ती बायांकडे वळून म्हणाली, "लिखता येत नही आम्हले, पन कापड वळखता येस. आम्ही कापडनं लिखसूत."

झुलाल तिचा एकुलता एक. मिसरूड फुटलं तरी अंगात ताप भरला की म्हणायचा, "माय, उशाले बस." तिचा गुडघा डोक्याला लागला की निवांत झोपायचा. बसऱ्याला जाणारी त्याची बोट वाटेतच समुद्रात बुडाली. गावची सगळी पोरं त्याच बोटीत होती. एकटा निंबा वाचून आला, आणि तोही चावडीच्या ओट्यावर बसून जगातलं सगळं बोले, बुडाल्याचं तेवढं बोलत नसे. देह आला नाही, राख आली नाही. आखाजीला घरोघर आपल्या मेलेल्या माणसाची पाण्याची घागर भरतात. ज्याची चिमूटभर राखही नाही, त्याची घागर ठेवायची कुठे? भिकूबाईनं ठरवलं होतं, गोधडीवर. झुलालला पहिलं पाणी या आखाजीला मिळालंच पाहिजे, मग आभाळ कोसळो.

कापडं सहा घरांतून आली. कुणाचा लग्नातला फेटा, कुणाची तंबाखूचे डाग पडलेली कोपरी. दगड म्हणत होता सात.

"सरकारनं मोजनं चुकनं," सुंदरबाई म्हणाली. तिचा नवरा हिलाल त्या सहांतला होता. सगळ्यांना ते पटलं. गावात माणसं चुलीवर मोजतात, आणि चुली सहाच होत्या. शिवाय सरकार चुकलं हे ऐकायला कुणाला आवडत नाही?

कापूस विकून पाटलांचं कोठार रिकामं पडलं होतं. तिथं दुपारी बाया जमू लागल्या. खानदेशातली चैत्राची दुपार म्हणजे चिमणीसुद्धा वळचणीतून बाहेर पडत नाही. गल्ली ओस, झाडं गप्प, आणि कोठारात सुयांची तेवढी बारीक कुरकुर. कुणाला मजुरी नव्हती, कुणी बोलावणं धाडलं नव्हतं. तरी एक बाई घरी राहिली नाही. एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या जावा एकाच कडेला बसून टाके घालत. भिकूबाईला हे बघून अंगावर मूठभर मांस चढायचं.

झुलालची बंडी तिनं अगदी कडेला लावली. त्याला झोपायला भिंतीकडेची जागा लागायची. बाह्या कापायला मात्र तिचा हात धजेना, म्हणून त्या तिनं आत दुमडून शिवल्या. त्याच्या दुसऱ्या अंगाला हिलालचा फेटा होता.

दुसऱ्या दिवशी बंडी आणि किनार यांच्या मध्ये बोटभर फट दिसली. उन्हानं कापड आटलं असेल, असं म्हणून भिकूबाईनं ती शिवली. तिसऱ्या दिवशी फट चार बोटं झाली, आणि बंडी फेट्यावर चढली.

"अक्का, तुना पोऱ्या मना धनीले ढकलस!" सुंदरबाई म्हणाली, आणि बाया हसल्या. भिकूबाईही हसली. पण टाका घालायला तिनं उसवलेल्या दोऱ्याचं टोक तोंडात धरलं आणि तिचं हसू थांबलं.

"दोरा खारा लागस वं..."

एकेकीनं चाखून पाहिला. मीठ होतं. कुणी म्हणालं घाम असेल. पण घामाला असा थंडगार वास नसतो, ओल्या दोरखंडासारखा. त्या दिवशी सगळ्याजणी उन्हं कलायच्या आतच उठल्या.

दोन-चार दिवसांनी निंबा दोंडाईच्याच्या बाजारातून दोऱ्याची लड घेऊन आला. फट आता चांगली हातभर रुंद झाली होती. गोधडीतून एक उसवलेला दोरा लोंबत होता, तो त्यानं सहज दातानं तोडला, आणि भिंतीला हात टेकून उभा राहिला.

"हाई आपला इहिरनं पानी नही, माय... हाई समिंदरनं शे."

"तुले काय माहीत?"

"मी पियेल शे ते." मग त्या फटीकडे बघत तो हळूच म्हणाला, "रूपसिंगनी जागा शे ती."

रूपसिंग तिचाच सालदार, वर्षाच्या बोलीवरचा गडी. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून आईबरोबर कापूस वेचायला आलेला एवढासा पोर, तो झुलालच्या मागं मागं फिरत तिच्या घरीच वाढला आणि झुलालच्या मागं मागंच भरतीला गेला. गावात त्याची चूल नव्हती, म्हणून कुणी त्याला मोजलं नव्हतं. सातवा माणूस भिकूबाईच्या चुलीवर जेवणारा होता, आणि ती गावभर कापडं मागत हिंडली होती.

"झुलालले पव्हता येत व्हतं," निंबा खाली बघूनच बोलत होता. "रूपसिंगले नही. येक फळी झुलालना हातमा उनी व्हती, माय. मी वरडनू, सोड त्याले... सोड... त्यानी हात सोडा नही."

सुंदरबाईनं सुई खाली ठेवली.

"म्हनजे सोडा असता," भिकूबाई घोगऱ्या आवाजात म्हणाली, "ते मना पोऱ्या वाचता."

भिकूबाईनं सुईत दुहेरी दोरा ओवला. बंडी ओढून तिनं किनारीला भिडवली आणि पोत्याचं तोंड शिवावं तशी खच्चून शिवली. ज्याचा हात धरल्यापायी आपलं लेकरू बुडालं, त्याला आपल्याच हातानं जागा करून द्यायची? तेवढं मोठं मन तिच्याकडे नव्हतं, आणि तसं ती सगळ्यांसमोर म्हणाली.

दुसऱ्या दुपारी ती कुणाला न सांगता लवकर गेली आणि गोधडीपाशी राखणीला बसली. दाराच्या फटीतून उन्हाची पट्टी आत आली होती, सगळं लख्ख दिसत होतं. बाहेर वाऱ्याची झुळूक नव्हती. आणि तिच्या डोळ्यांदेखत दुहेरी दोऱ्याचा पहिला टाका सुटला. मग दुसरा. घाई नव्हती. झोपेतला माणूस शेजाऱ्यासाठी अंग चोरून घेतो, तशी बंडी आत सरकली. मग दुमडलेली बाही हळूहळू बाहेर आली, उलगडली आणि मोकळ्या जागेवर आडवी पसरली. बाहीचं तोंड चुरगळून मिटलं होतं, जणू आतल्या मुठीत काहीतरी घट्ट धरलंय...

भिकूबाईनं बाहीला हात लावला. ती बर्फासारखी गार होती आणि पाण्यानं जड झाली होती. तिनं ती उचलायला पाहिली, उचलेना.

"झुलाल..." ती म्हणाली. "अजून धरेलच शे का रे?"

पहाटे तिनं निंबाला बैलगाडी जुंपायला सांगितली. उतारावरून तापी ओलांडली, पुढं शेतं सरली, साग लागला. वाटेनं ती रूपसिंगच्या आईला काय काय सुनवायचं ते मनात घोळवत होती. राग अजून पुरता उतरला नव्हता. इतका राग एका दिवसात उतरतोच कुठे?

पाड्यावर रूपसिंगच्या आईची, सुगंधाबाईची, कुडाची झोपडी होती. अंगणात पाचोळा वाळून कुरकुरत होता, आणि त्या पाचोळ्यावर ती म्हातारी एक जुनं कापड पिळत उभी होती. पाणी टपटप गळत होतं. तिला कुणी काही कळवलेलं नव्हतं. कळवायचं गावाच्या ध्यानातच आलं नव्हतं. भिकूबाईला बघून ती अर्धं आपल्या बोलीत, अर्धं खानदेशीत बोलू लागली.

"रूपसिंग लहान व्हता तव्हयनी झोळी शे. रोज वाळाले टाकस, रोज ओली व्हस." ती थांबली. "पोऱ्या बुडना का?"

"हा."

"यकला?"

वाटभर घोळवलेले शब्द कुठल्या कुठे गेले.

"नही वं, बाई. मना झुलालनी हात धरेल व्हता. शेवटलोंग सोडा नही."

सुगंधाबाई मटकन खाली बसली. झोळीत तोंड खुपसून ती रडली, खूप वेळ रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "मंग घाबरना नही व्हई."

त्या एका वाक्यानं भिकूबाईचा ऊर भरून आला. निंबानं फळीची गोष्ट सांगितल्यापासून ती झुलालला आतल्या आत वेडा म्हणत होती. आता तिला वाटलं, बाई गं, मी असलं लेकरू जन्माला घातलं! दोघी आया गळ्यात गळा घालून रडल्या, आणि परतीच्या गाडीत भिकूबाईच्या शेजारी सुगंधाबाई बसली होती, मांडीवर ओली झोळी घेऊन.

गावात कुरबूर झालीच. "अक्का, आपला पोऱ्यासनी पंगतमा सालदारनं कापड लावशी?" सुंदरबाईनं विचारलं.

"मना पोऱ्यानी त्यानासाठे जीव दिधा," भिकूबाई म्हणाली. "तू येक चौकोन दी शकत नही?"

मग सुंदरबाईनंच सुईत दोरा ओवून सुगंधाबाईच्या हातात दिला. झोळीचा तुकडा हातभर फटीत असा बसला की कात्री लावावी लागली नाही. झुलालची बाही भिकूबाईनं आत दुमडली नाही. झोळीवर पसरली होती तशीच राहू दिली आणि वरून टाके घातले. त्या दिवसापासून टाका उसवला नाही. दोऱ्याचा खारटपणा गेला, आणि बंडीनं फेट्याला पुन्हा ढकललं नाही.

आखाजीला गोधडी चावडीच्या ओट्यावर, त्या दगडाखाली अंथरली. तिच्यावर सात घागरी मांडल्या. सातवी सुगंधाबाईनं भरली. मग बायांनी गोधडी वाचली. एकेक बाई पुढं येई, कापडावर बोट ठेवी आणि सांगे, हा अमका, याला बोरं आवडायची. हा तमका, हा बैलाशी बोलायचा. दगड एका दमात वाचून झाला होता. गोधडी वाचायला दुपार झाली. आबांनी फेटा काढून हातात धरला. भिकूबाई झुलालच्या चौकोनापाशी आली आणि ताठ मानेनं म्हणाली, "हाऊ मना पोऱ्या. यानी हात सोडा नही." त्या सगळ्या गावात तिला आपल्यापेक्षा मोठं कुणी वाटलं नाही.

पूजा झाली, माणसं जेवायला पांगली. घागरी उचलून झाल्यावर गोधडीची घडी घालायला भिकूबाई एकटीच मागं राहिली. ऊन माथ्यावर होतं. ती झुलालच्या चौकोनापाशी वाकली, आणि तिला दिसलं की बंडीच्या वरच्या अंगाला, उशाशी, किनारीचे टाके मोकळे झालेत. फार नाही. एक गुडघा टेकेल एवढेच.

आणि दुसरी बाही, आत दुमडून शिवलेली, बाहेर आली होती. ती वरच्या बाजूला पसरली होती, त्या मोकळ्या जागेकडे.

भिकूबाई मुळीच ओरडली नाही. ती तिथं बसली, गुडघा त्या जागी टेकवला, आणि बाहीवरून हात फिरवला. लुगडं गुडघ्यापाशी गार पडत चाललं.

"तुनाकडे येसू रे झुलाल," ती हळूच म्हणाली. "पन घाई नको करू..."

सुगंधाबाईनं जेवायला हाक मारली तशी ती उठायला लागली. पदराचं टोक बाहीच्या तोंडापाशी अडकलं होतं. तिनं ओढून पाहिलं.

सुटलं नाही. तिनं पुन्हा ओढलं नाही. हा हात धरला की सोडत नाही, हे आता सगळ्या गावाला ठाऊक होतं.