पहिला दिवा

"पहिला दिवा लावशील तेव्हा घरात कोणी झोपलेलं नको," आमोद म्हणाला होता. मी वापरत होते तो छोटा सर्किट बोर्ड त्याने डिझाइन केलेला, आराखडा सगळ्यांसाठी खुला. मी म्हटलं, "मग वारज्यात आमच्याकडे कठीण आहे. तान्ही मुलगी झोपण्याशिवाय दुसरं करते काय?" तो हसला नाही.

काम साधं होतं. स्वयंपाकघरात गॅस गळला तर वाजणारी घंटा बनवायची. लिनक्स चाललं असतं, पण वीज जाऊन आली की त्याला उठायला वेळ लागतो. म्हणून एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम निवडली, या बोर्डाला जुळवून घेतली आणि घाईघाईत, तपासायच्या आधीच, इतरांसाठी नेटवर टाकली. मग तपासणी, तीही सगळे करतात तशीच: बोर्डावरचा बारका दिवा सेकंदाला एकदा लुकलुकतो का, ते बघायचं.

दुपारी दिवा लागला. सावकाश उजळला, सावकाश मावळला. मी तर त्याला चालू आणि बंद एवढंच शिकवलं होतं. टायमर चुकला असेल म्हणून तो दुरुस्त केला. सिस्टिम पुन्हा चढवली. फरक नाही.

मग शेजारच्या पाळण्याकडे लक्ष गेलं. दिवा उजळला की मिसबाची छाती वर यायची. मावळला की खाली. झोपेत तिला उचकी लागली.

आधी दिव्याला लागली.

मी वायर उपटली.

पाळण्यात काही हललं नाही.

वायर परत लावली. दिवा उजळला. मग श्वास.

संध्याकाळी माझा नवरा रियाज आला, त्याने दिवा बघितला, पाळणा बघितला आणि बोर्ड इन्व्हर्टरला जोडला. मी नेटवरची सिस्टिम काढून टाकली.

आज कसबा पेठेतून हेमाताईंचा निरोप आला. आराखड्यावरून त्यांनी घरीच बोर्ड बनवलाय. "तुमची सिस्टिम आधीच उतरवून घेतली होती. छान चालली. दिवा मात्र फारच हळू लागतो. सासरे झोपलेत, ते उठले की टायमर बघते. तोवर बंद केलाय."

त्यांचा फोन वाजतोय, उचलत नाहीत. रियाज कामावर, मला पाळण्यापासून हलता येत नाही. आपण त्या बाजूला असाल तर कसबा गणपतीच्या मागच्या गल्लीत हिरव्या दाराचं घर आहे. त्यांच्या सासऱ्यांना, दिगंबरकाकांना, तेवढं बघून या. दुपारी बेल वाजवू नये अशी पाटी असेलच.

वाजवा.