जीपला न गेलेला निरोप

लिडिया गावितने चपला दाराबाहेर काढल्या, आत आली आणि समोर खुर्ची असूनही उभीच राहिली.

"मी केलेलं नाही," ती म्हणाली. "पण यंत्र म्हणतं, मीच केलं."

दोधूआप्पांनी पेपर खाली ठेवला. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाल्यापासून ते चारुलता शिंपीची गाडी चालवत, तिच्या चौकशांना सोबत जात आणि हमखास चुकीच्या माणसावर संशय घेत. शहाद्यातल्या या छोट्या कचेरीत एरवी लग्नाआधीच्या चौकशा आणि विम्याचे दावे यायचे. यंत्राने आरोप केलेलं माणूस आज पहिल्यांदाच आलं होतं.

"बस आधी," चारुलता म्हणाली. "आणि पहिल्यापासून सांग."

लिडिया खापर गावच्या एका ट्रस्टमध्ये काम करायची. डोंगरातल्या बायकांना बाळंतपणासाठी खाली आणायला ट्रस्टची जीप होती. ती मोलगीला उभी असे. पाड्यावरच्या कार्यकर्तीने लिडियाला फोन करायचा, लिडियाने कम्प्युटरवरच्या शीटमध्ये बाईचं नाव, पाडा आणि वेळ अशी एक ओळ लिहायची. पुढचं काम ऑटोमेशनचं. ते शीटला जोडलेलं होतं. नवी ओळ दिसली की ते ड्रायव्हर पौलसच्या मोबाइलवर आपोआप निरोप पाठवायचं.

"मंगळवारी कार्यकर्ती भुरीबाईचा फोन आला. काठी गावाच्या वरच्या पाड्यावर धनुबाईला कळा सुरू झाल्या होत्या. मी लगेच ओळ लिहिली. निरोप गेलाच नाही."

"मग?"

"तिच्या नवऱ्याने, रायसिंगने, झोळी करून तिला खाली आणलं. वाटेतच मोकळी झाली. बाळ नंदुरबारला काचेच्या पेटीत आहे." तिने ओढणीचं टोक मुठीत धरलं. "आमचे मॅनेजर छगनभाऊ दवाखान्यात गेले आणि रायसिंगला म्हणाले, लिडियाने मुद्दाम जोडणी तोडली. तेव्हापासून पाड्यांवरून मला एकही फोन नाही. बायका बाळंत व्हायच्या थांबल्यात का, ताई? मला सांगत नाहीत एवढंच. आणि आज चार वाजता छगनभाऊ पोलिसांत अर्ज देणार आहेत."

चारुलताने घड्याळ पाहिलं नाही. पर्स उचलली.

"आप्पा, गाडी काढा."

तळोदा मागे पडेपर्यंत दोधूआप्पांनी तोंड आवरलं. मग राहवेना.

"ताई, नोकरीवाली पोरगी, मनात काही राग व्हई. सोपं दिसस."

"तुम्हाला सोपं दिसलं म्हणजे मला काळजी वाटायला लागते, आप्पा."

मागच्या सीटवर लिडिया पहिल्यांदाच किंचित हसली.

ट्रस्टची कचेरी खापरच्या बाजारामागे होती. छगनभाऊ दारातच भेटले. तापीकाठच्या शेतकरी घरातला भरदार माणूस. कोपऱ्यातल्या कोऱ्या माठातलं पाणी त्यांनी स्वतः ओतून दिलं.

"प्या, गार शे. अखाजीले नवा भरेल शे."

"अक्षय्य तृतीयेचा माठ, छान आहे," चारुलता म्हणाली. "लिडिया मुद्दाम असं का करेल?"

"गुड फ्रायडेले रजा मांगी तिन्ही. मी दिन्ही नही. आठे गाडी चालू ठेवनी पडस ना! तो राग मनमा धरीसन बठेल व्हती."

"आणि जोडणी तिनेच तोडली, हे कशावरून?"

"मशीन सांगस! मी त्या कनेक्शनले कधी हात लावेल नही. नवनीतले इचारा. सगळं त्यानीच बशाडेल शे."

ऑटोमेशन बसवणारा नवनीत चौधरी लॅपटॉप उघडून बसलाच होता. शर्टाची घडी मोडलेली नव्हती, पण कपाळावर घाम होता.

"ही नोंद बघा मॅडम. बुधवारी सकाळी जोडणी काढली, लिडिया. नंतर पुन्हा जोडली, तेही लिडिया."

"धनुबाईचा निरोप तर मंगळवारी चुकला."

"हो. पण मंगळवारी ओळच नव्हती. हिने बुधवारी लिहिली असणार आणि झाकायला जोडणीशी खेळ केला."

"नाही!" लिडिया म्हणाली. "निरोप गेला नाही हे कळल्यावर मी जोडणी काढून पुन्हा लावली. तूच शिकवलंस ना, अडलं की तसं करायचं?"

"मी अडलं तर म्हणालो होतो. अडलं कुठे होतं?" नवनीतने पडदा फिरवला. "मंगळवारभर यंत्राने एकच सांगितलंय. जोडणी ठीक, नवीन ओळ नाही. बिघाडाची लाल खूण कुठेच नाही. आणि ही बघा शीट. शोधा धनुबाई."

चारुलताने शीट खालपर्यंत नेली. धनुबाई नव्हती.

"जपून फिरवा मॅडम. फार जड झालीय, उघडायलाच वेळ घेते. सुरुवातीपासूनच्या सगळ्या बायका आहेत त्यात."

"अन् मन्हा कम्प्युटरवर?" लिडियाची बोली तावातावात तिच्या मूळच्या नवापूरची राहिली नाही, खापरच्या बाजाराची झाली. "तिकडे चला ना!"

तिच्या टेबलावर तीच शीट होती. नाव तेच, रकाने तेच, हिरवा मथळाही तोच. आणि तळाच्या ओळींत धनुबाई, मंगळवार, दुपार.

दोधूआप्पांनी दोन्ही पडद्यांकडे आळीपाळीने पाहिलं. एकच शीट, एकीकडे बाई आहे, दुसरीकडे नाही. माणूस खोटं बोलतं हे त्यांना ठाऊक होतं. पण इथे दोहोंतलं एक यंत्र खोटं बोलत होतं.

"नेट गेलेलं असताना लिहिली असेल," नवनीत म्हणाला. "ती इथेच अडकून पडली."

"बुधवारपासून इथे नेट एकदाही आलं नाही?"

नवनीतने पडद्यावरची नेटची खूण पाहिली. ती चालू होती.

चारुलता खाली वाकली. कीबोर्डच्या फटीतून तिने नखाने काहीतरी बाहेर काढलं. तांदळाचा दाणा, कुंकवाने लाल झालेला. पडद्याच्या चौकटीवरही पुसट लाल ठिपका होता.

"लिडिया, पूजा तू केलीस?"

"मी ख्रिस्ती आहे, ताई. अखाजीला ऑफिस बंद होतं, मी नवापूरला आईकडे होते. परत आले तेव्हा ठिपका होता. छगनभाऊ दरवर्षी करतात. आधी कपाटाची करायचे, यंदा कम्प्युटरचीही केली."

"आल्यावर कामात काही वेगळं वाटलं?"

"उलट बरं वाटलं. शीट हलकी झाली होती, चटकन उघडायला लागली. बाळंत झालेल्यांची नावं निघून फक्त बाकीच्या बायका राहिल्या होत्या. मला वाटलं नवनीतने साफसफाई केली."

"पौलसला शेवटचा निरोप कधी गेला?"

लिडियाने तिथूनच फोन लावला. पौलस म्हणाला, अखाजीच्या आधी. "मधे कोणाला न्यायचं नव्हतं, म्हणून मला नवल वाटलं नाही," तो म्हणाला. "भुरीबाई काय म्हणते? बोलते का तुझ्याशी?" 'नंतर बोलते' म्हणून लिडियाने फोन ठेवला.

चारुलताने दोन्ही पडद्यांच्या अगदी वरच्या ओळीचे, जिथे शीटचा लांबलचक पत्ता असतो तिथले, फोटो काढले. मग ती माठाजवळच्या बाकावर बसून ते फोटो पुन्हा पुन्हा पाहू लागली. छगनभाऊंनी खिशातला अर्ज काढून पुन्हा ठेवला. चार वाजायला फार वेळ उरला नव्हता.

"ताई," दोधूआप्पा कुजबुजले, "मी सांगू? नवनीतनं करं. त्याले घाम उना शे."

"पंखा बंद आहे, आप्पा. मलाही आलाय."

ती उठली.

"सगळे या. आपण इतका वेळ तुटलेली जोडणी शोधत होतो. ती तुटली नव्हतीच. यंत्र मंगळवारी खरं बोलत होतं, जोडणी ठीक आणि नवीन ओळ नाही. लिडियाही खरं बोलत होती, तिने मंगळवारीच ओळ लिहिली. दोन्ही खरं असेल तर एकच उत्तर उरतं. यंत्र वाचत होतं ती शीट आणि लिडिया लिहीत होती ती शीट, या दोन वेगळ्या शीट आहेत."

"नाव एकच आहे मॅडम," नवनीत म्हणाला.

"नवनीत, तुझी शीट जड, उघडायला वेळ घेणारी. लिडियाची हलकी, चटकन उघडणारी. एकच शीट एकाच आठवड्यात जड आणि हलकी कशी होईल? हे फोटो बघ. वरचे पत्ते जुळतात का?"

नवनीतने मोबाइल डोळ्यांजवळ नेला. त्याचे ओठ एकेका अक्षरावर हलले आणि मध्येच थांबले.

"वेगळे आहेत," तो म्हणाला. "ऑटोमेशन नाव बघतच नाही. ते पत्त्याला जोडलेलं असतं. मूळ शीट कुठेही हलवा, ते तिच्याच मागे जातं. लिडियाने जोडणी काढून लावली तरी ती त्याच जुन्या पत्त्यावर लागली." तो खुर्चीत मागे टेकला. "हे मला सुचायला हवं होतं."

"दुसरी शीट कोणी केली, ते मला तांदळाने सांगितलं," चारुलता म्हणाली. "सुट्टीच्या दिवशी लिडियाच्या खुर्चीवर कोणीतरी बसलं होतं. चोराने हात मारला असता तर कुंकू लावलं नसतं. छगनभाऊ, अखाजीला तुमच्या घरी शेतावरचा सालदार गडी बदलतो, माठ नवा भरतात. कामाचं नवं साल कसं मांडता?"

छगनभाऊ सहज म्हणाले, "जसं बापदादास्नी मांडं तसं. जुनी वही बांधीसन जपी ठेवतस, कोऱ्या वहीवर मागली बाकी उतारतस. यंदा सगळं कम्प्युटरवर, म्हनीसन तठे कॉपी करी. सरेल नावं काढी टाक्यात, नाव तेच दिन्हं, पोरगीना टेबलवर ठेई दिन्ही. जुनी 'मागलं साल' नावना फोल्डरमा..."

वाक्य तिथेच संपलं. त्यांनी माठाला हात टेकला.

"मी कनेक्शनले हात लावेल नही," ते हळू म्हणाले.

"नाही लावलात. म्हणून तर कोणाला संशय आला नाही. तुम्ही जुनी शीट पुसून टाकली असती तर यंत्राने त्याच दिवशी लाल खूण दाखवून बोंब मारली असती. तुम्ही ती मानाने जपून ठेवली. यंत्र त्या जपलेल्या शीटजवळ नव्या ओळीची वाट बघत बसलं. लिडिया नव्यात लिहीत राहिली. मधे कोणाला न्यायचं नव्हतं, म्हणून पहिली हाक धनुबाईचीच वाया गेली."

दोधूआप्पांनी छगनभाऊंकडे पाहिलं. त्यांना वाटलं होतं, गुन्हेगार सापडला की आपल्याला बरं वाटेल.

छगनभाऊंनी अर्ज बाहेर काढला. "हाऊ अर्ज आते कोठेच जाव नही, बेटा. माले माफ कर."

लिडियाने अर्जाकडे पाहिलंही नाही.

"भाऊ, रायसिंगला माझं नाव तुम्ही सांगितलंत. आता तुमचं सांगा. माझ्यासमोर, आत्ता."

"त्यानी भाषा माले..."

"साधं मराठी त्याला कळतं. तुमचं परवा नीट कळलं होतं."

छगनभाऊंनी फोन लावला. लिडियाने स्पीकरचं बटण दाबलं. दवाखान्यातला गलका खोलीभर पसरला आणि त्यातून रायसिंगचा थकलेला आवाज आला.

"रायसिंग, मी छगन. लिडियाने काही केलं नाही. तिने निरोप वेळेवर लिहिला होता. माझ्यामुळे तो गेला नाही. चूक माझी आहे."

छगनभाऊंच्या कानशिलावरून घामाचा ओघळ उतरला, तो त्यांनी पुसला नाही.

"लिडियाताई तिथे आहे?" रायसिंगने विचारलं.

"आहे रे," ती म्हणाली.

"बाळ दूध घ्यायला लागलं. धनू आईला बोलावते आहे. म्हातारी पाड्यावर एकटी. गाडी येईल का?"

"येईल."

नवनीत कोणी सांगायच्या आत लॅपटॉपवर वाकला होता. बोटं झरझर चालली. "नवा पत्ता लावला," तो म्हणाला. "लिही."

लिडिया खुर्चीत बसली. धनुबाईची आई, काठीचा वरचा पाडा, आजच. तिने बटण दाबलं आणि हात मांडीवर घेतले. चारुलतासुद्धा खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

टेबलावरचा मोबाइल वाजला. पौलस होता.

"लिडिया, निरोप आला," तो म्हणाला. "निघालो."